पुढच्या काचेची पिचकारी

रविवार, २ नोव्हेंबर

ही चौकटींची वही मोजणी खात्यातून निवृत्त होताना आणलेली. पाच वर्षं कोरी पडून होती. आज तिच्यात लिहायला बसलो, कारण सकाळी जे झालं ते कुणाला तरी सांगायला हवं आणि घरात सांगायची सोय नाही.

पेट्रोल भरून परत येत होतो. चौकात डावीकडे वळलो आणि बॉनेटला अगदी खेटून एक सायकलवाला. कुठून उगवला देव जाणे. मी ब्रेक दाबला, त्याने एक पाय टेकला, सायकल आडवी झाली. लागलं कुणालाच नाही. "आजोबा, झोपलात का? केव्हाची घंटी वाजवतोय!" म्हणाला. आजोबा म्हटल्याचा राग आला, तसाच गाडी पुढे काढली.

घरी येऊन गाडीतच बसून राहिलो आणि कारण शोधलं. ते नाकासमोरच होतं. काच! पुढच्या काचेवर धुरकट थर बसला आहे. ऊन आलं की सगळी काच दुधाळ होते. वायपर आहेत, पण ते धूळ इकडची तिकडे सारवतात. आमची गाडी कारखान्यातून निघाली त्या काळात काचेवर पाणी मारायची सोय कुणी देत नसे. वडिलांनी उभी हयात ओल्या फडक्यावर काढली.

तेव्हा ठरलं. गाडीला पिचकारी बसवायची, आणि तीस तारखेच्या आत. तीसला मुलगी येते आहे, तीन महिन्यांच्या बाळाला घेऊन. फोनवर म्हणाली, "बाबा, टॅक्सी नको हं. आपल्या गाडीने न्यायला या." ती स्वतः जन्मल्यावर दवाखान्यातून घरी आली ती ह्याच गाडीतून. वडील चालवत होते आणि मी मागे बसून "हळू, हळू" म्हणत होतो. स्टेशन बावीस किलोमीटर आहे. मी हो म्हटलं आहे.

बायकोला सायकलवाल्याचं सांगितलेलं नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

जुन्या गाड्यांच्या भंगारवाल्याकडे गेलो. हा माणूस येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना 'सरकार' म्हणतो, म्हणून सगळे त्यालाच सरकार म्हणतात.

"सरकार, गाडी कुठल्या सालची?"

मी सांगितलं.

"म्हणजे तुमची थोरली बहीणच की!"

एका चेपलेल्या शाळेच्या व्हॅनमधून त्याने पाण्याची प्लास्टिकची टाकी, विजेवर चालणारा छोटा पंप आणि दोन चकचकीत नॉझल काढून दिली. नॉझल म्हणजे पाणी उडवणाऱ्या बारक्या तोट्या, बोटाच्या पेराएवढ्या. एक त्याने माझ्या हातात ठेवलं आणि दुसरं डावीकडून पुढे केलं. मला वाटलं तो अजून शोधतोच आहे. "सरकार, घ्या ना," तो दोनदा म्हणाला. मग माझ्याकडे बघत राहिला. मालाकडे लक्ष नसलेली गिऱ्हाइकं त्याला आवडत नसावीत.

घरी हिला पिचकारीचा बेत सांगितला. गाडी ह्या घरात हिच्या आधी आली, म्हणून ही तिला 'थोरल्या बाई' म्हणते आणि बत्तीस वर्षं तिच्याबद्दल एक चांगला शब्द हिच्या तोंडून निघालेला नाही. वाटलं होतं, तोंडसुख घेईल. तर म्हणते, "करा की. छान कल्पना आहे. पण घाई नको, अगदी बारकाईने करा. आणि काम पुरं होईपर्यंत गाडी हलवू नका. अर्धवट काम अंगाशी येतं."

मी चाटच पडलो. आजी झाल्यावर माणूस सुधारतं म्हणायचं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

फजिती. टाकी बसवली, नळ्या जोडल्या, बटण दाबलं. पंप कण्हला आणि नॉझलमधून एकेक थेंब ओघळला. ही अंगणात उभी होती. "लाळ गळतेय थोरल्या बाईंची," म्हणाली आणि आत गेली.

चूक माझी. व्हॅनचा पंप बारा व्होल्टचा, आमच्या गाडीची बॅटरी सहा व्होल्टची. शाळेतल्या पोरालाही सुचावं ते मला सुचलं नाही. चौतीस वर्षं नकाशे काढले, केसाइतक्या रेषेची चूक दुसऱ्याच्या टेबलावरून पकडायचो. साहेब म्हणायचे, ह्याच्या डोळ्यांत मोजपट्टी बसवलेली आहे. आणि आता हे.

आज पंचवीस दिवस उरले.

रविवार, ९ नोव्हेंबर

काच वर्तमानपत्राने पुसली. व्हिनेगरने पुसली. साबण, राखुंडी, टूथपेस्ट, सगळं झालं. तास दोन तास लख्ख वाटते, मग पुन्हा धुरकट. संध्याकाळी शेजाऱ्याने त्याच्या गाडीचे दिवे लावले तर प्रत्येक दिव्याभोवती रंगीत कडं, इंद्रधनुष्यासारखं. काचेवर तेलाचा पापुद्रा असणार.

मात्र स्वयंपाकघरातल्या दिव्याभोवतीही तसंच कडं दिसलं. तिथे वाफ असते.

जुलैत चष्मा बदलला तेव्हा चष्मेवाला म्हणाला होता, एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. ह्या लोकांची साखळी असते, एकाने दुसऱ्याकडे पाठवायचं. हीसुद्धा दोनदा म्हणाली. मी म्हटलं, अक्षर न् अक्षर वाचतो आहे, ते काय दाखवायचं? आणि खरंच वाचतो. ही वही वाचतोच आहे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

सरकारकडे उत्तर मिळालं. एका जुन्या टेम्पोतला रबरी फुगा, पायाने दाबायचा. दाबला की पाणी पुढे जातं, सोडला की टाकीतून नवं पाणी ओढतो. वीज नको, काही नको. मध्ये एक झडप लागते, पाणी उलटं येऊ न देणारी. ती माशांच्या पेटीच्या दुकानात मिळाली. सलाईनची नळी तिच्यावर अशी घट्ट बसली की जणू एकाच आईची लेकरं.

ही विणकामाच्या वर्गाला गेली होती. सप्टेंबरपासून मंगळवार-शुक्रवार सकाळी जाते, बाळासाठी स्वेटर विणायला. दोन महिने झाले, स्वेटर चार ओळींवरच आहे. मी म्हटलं, "ह्या वेगाने बाळाच्या लग्नात होईल." हसली नाही. डाव्या पोटरीत गोळा आला होता, मी तेल चोळून दिलं. विणकामाने पोटरी कशी दुखते ते कळलं नाही. बाईमाणूस काय अंगावर काढतं ते सांगत नाही, आणि ह्याचीच मला धास्ती वाटते.

हल्ली ही जराशी विचित्र वागतेही. बोळातलं स्टूल उचलून माळ्यावर टाकलं. दाराच्या पायऱ्यांच्या कडेला पांढऱ्या रंगाचे पट्टे ओढले. विचारलं तर म्हणे, "छान दिसतं."

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आजचा दिवस वहीतून फाडून टाकावा असा.

नॉझलसाठी काचेखालच्या पत्र्याला दोन भोकं पाडायची होती. वडिलांच्या गाडीच्या पत्र्याला आजवर कुणी भोक पाडलेलं नाही. ड्रिल हातात घेऊन अर्धा तास उभा होतो. मध्यरेषा आखली, दोन्हीकडे बावीस-बावीस सेंटिमीटरवर पेन्सिलची खूण केली, तीनदा मोजलं. उजवं भोक सुईच्या टोकासारखं नेमकं पडलं. डावं पाडलं, फुंकर मारली, पट्टी लावली. चौदा सेंटिमीटर.

माझी खूण बावीसवर तशीच होती. मी भोक पाडलं ते रंग उडालेल्या एका ठिपक्यावर! तो ठिपका तिथे पन्नास वर्षं असेल. त्याला मी खूण समजलो आणि खरी खूण मला दिसलीच नाही.

पत्र्याला पडलेलं भोक पुन्हा बुजत नाही. गॅरेजच्या दारात बसून चक्क रडलो. त्रेसष्टाव्या वर्षी, एका भोकासाठी. ही घरी नव्हती ते एक बरं.

मग नॉझल तिथेच बसवलं. करतो काय? डाव्या नॉझलचं तोंड जरा उजवीकडे वळवून घडवलेलं आहे, व्हॅनच्या काचेचा आकार तसा असणार. आता ते मध्याकडे सरकल्यामुळे त्याचं पाणी चालकाच्याच बाजूला पडतं. डावी बाजू कोरडी. म्हणजे चालवणाऱ्याला दुप्पट पाणी आणि शेजारच्याला ठणठणाट. मनाची समजूत घातली की ज्याला पाहायचंय त्याला मिळालं म्हणजे झालं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

फुगा कुठे बसवायचा ह्यावर चर्चा. माझ्या डाव्या पायाशी क्लच, त्याच्याशेजारी दिवे खाली-वर करायचं पायातलं बटण. जागाच नाही. ही म्हणाली, "डावीकडे बसवा. शेजारी बसणाऱ्याच्या पायाशी."

"आणि मी एकटा असलो तर?"

"एकटे कशाला असाल? चालवणाऱ्याने रस्ता बघावा, शेजारच्याने पाणी मारावं. कामं वाटून घ्यावीत."

एवढ्या ठामपणे हिने घरातला टीव्ही कुठे ठेवायचा तेही कधी सांगितलं नव्हतं. बसवला डावीकडे. नॉझलच्या भोकात घाण अडकली होती, ती सुईने काढायची तर सुई भोकात जाईना. डाव्या नॉझलशी पाच मिनिटं झटलो. हिने चष्माही न लावता एका दमात घातली. हात थरथरतो माझा, म्हणालो. ही म्हणाली, "हात नाही हो थरथरत तुमचा." आणि पटकन सुई डबीत ठेवून आत गेली.

गुरुवार, २० नोव्हेंबर



पिचकारीची चाचणी होती. ही आधी नको म्हणाली, मग म्हणाली, "बरं, मी बसते शेजारी. फक्त शाळेच्या मागच्या रस्त्याला एक चक्कर." निघालो. ही सारखी बोलत होती. डावीकडे हातगाडी आहे हं, डावीकडे कुत्रं आहे हं. क्रिकेटचं समालोचन ऐकल्यासारखं. मी चिडून म्हटलं, "पाणी मार!" हिने फुगा दाबला आणि काय सांगू, दोन धारा उसळल्या आणि थेट माझ्यासमोर काचेवर आपटल्या! वायपर फिरले. सत्तर वर्षांत पहिल्यांदा ह्या काचेवर गाडीतूनच पाणी पडलं. मी ओरडलोच, "जमलं!"

आणि ही किंचाळली, "थांबा!"

थांबलो. बंपरच्या डाव्या कोपऱ्यापासून हातभर अंतरावर एक बाबागाडी होती. ढकलणारी बाई आमच्याकडे पाहत उभी होती, तोंड उघडं. मग ती भराभर रस्ता ओलांडून गेली. आत बाळ होतं का ते मला दिसलं नाही.

हिने दार उघडलं, उतरली, भिंतीला हात टेकून उभी राहिली. मी म्हटलं, काच. ऊन तिरकं होतं, काच...

"काच तर आत्ताच धुतली होती ना?" ही म्हणाली. ओरडून नाही. हळूच.

धुतली होती. पण वाळली नव्हती.

ही चालतच घरी गेली. मी गाडी पहिल्या गिअरवर, चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, हिच्या मागून आणली.

शनिवार, २२ नोव्हेंबर

गाडीची किल्ली गुरुवारपासून सापडत नाही. खुंटीवर नाही, कपाटात नाही. हिची पर्स पाहिली. किल्ली नव्हती. एक चिठ्ठी होती. डोळ्यांच्या रुग्णालयाची. 'सोमवार २४, सकाळी १०. सोबत कुणीतरी असावं.' नाव नाही, नुसता क्रमांक.

पायाखालची जमीन सरकली. सगळं एकदम जुळलं. बोळातलं स्टूल हिने काढलं ते अडखळते म्हणून. पायऱ्यांना पांढरे पट्टे ओढले ते पायरी दिसत नाही म्हणून. विणकाम चार ओळींच्या पुढे जात नाही, जाईल कसं? टाके दिसायला नकोत? आणि मी लग्नाचे विनोद करत बसलो. दर मंगळवारी-शुक्रवारी एकटीच दवाखान्यात जात असणार, मला कळू नये म्हणून. मुलगी येईपर्यंत घरात काळजी नको म्हणून.

हिच्या डोळ्यांचं काय झालं आहे? बाळाचा चेहरा हिला दिसेल ना? एवढंच मनात येत राहिलं. चहा प्यायला बसलो तेव्हा हिने कप नेहमीसारखा माझ्या उजव्या हाताशी ठेवला, आणि मी हिच्या डोळ्यांकडे पाहत राहिलो. ही म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." बत्तीस वर्षांत इतकं खोटं बोललो नसेन.

विचारणार नाही. सांगेल तेव्हा सांगेल. मी सोबत जाईन म्हणजे झालं.

सोमवार, २४ नोव्हेंबर

सकाळी ही म्हणाली, "माझ्याबरोबर एके ठिकाणी याल?" मी म्हटलं, "कुठेही येईन." हिला आश्चर्य वाटलं असावं. बसने गेलो. बसमध्ये हिचा हात धरून बसलो होतो, चारचौघांत. हिने काढून घेतला नाही.

रुग्णालयात बाकावर बसलो. हिची पिशवी माझ्या मांडीवर, हिला पाणी हवं का दोनदा विचारलं. मग नर्सने नाव पुकारलं. माझं.

मी म्हटलं, "चूक होतेय. पेशंट ह्या आहेत."

ही खाली पाहत होती. "जा," म्हणाली. "मी इथेच आहे."

आत एका पांढऱ्या घमेल्यात तोंड घालून बसवलं. एक डोळा झाकला. मधल्या ठिपक्याकडे पाहायचं, आजूबाजूला कुठेही दिवा चमकला की बटण दाबायचं. मी ठरवलं, एकही सोडायचा नाही. डोळ्यांत तेल घालून बसलो. मधे मधे बराच वेळ दिवेच लागत नव्हते, तेव्हा वाटलं यंत्र जुनं असावं. तरी लागला की लगेच दाबलं. बाहेर पडताना खुशीत होतो.

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ठेवला. मी पाहताक्षणी ओळखलं की हा नकाशा आहे. रेषा, चौकटी, छटा, आमच्या खात्यात काढायचो तसाच. डावीकडचा जवळजवळ सगळा भाग काळा.

"हा काळा भाग म्हणजे काय?" मी विचारलं.

"तिथेही दिवे लागले होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही बटण दाबलं नाहीत."

मंगळवार, २५ नोव्हेंबर

काचबिंदू. शब्द वहीत लिहून पाहिला. काच. बिंदू. महिनाभर मी काच पुसतो आहे.

बाईंनी समजावून सांगितलं. डोळ्यातला दाब वाढतो, आतली नस हळूहळू मरते. दुखत नाही, म्हणून कळत नाही. आधी कडा जातात, मधलं शेवटपर्यंत राहतं. म्हणून अक्षर वाचता येतं आणि सायकलवाला दिसत नाही. गेलेलं परत येत नाही. उरलेलं टिकवायला थेंब, रोज, न चुकता, जन्मभर. गाडी चालवायची नाही. हे त्यांनी दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा हिच्याकडे पाहून.

मग विचारलं, "घरात कुणाला होता?"

मी म्हटलं, नाही.

आणि बसमध्ये आठवलं. वडिलांनी चौसष्टाव्या वर्षी गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. का, विचारलं तर म्हणाले, "कंटाळा आला." मला किती राग आला होता! एवढी जिवापाड जपलेली गाडी आणि कंटाळा? पुढे घरातसुद्धा ते भिंतीला बोटं लावून चालायचे. मी त्याला म्हातारपणाची सवय म्हणायचो. समोर ताट ठेवलं तरी वाटी चाचपायचे. आई ताट फिरवून द्यायची, काही न बोलता.

त्यांना कंटाळा आला नव्हता. त्यांनी मला सांगितलं असतं तर मी जुलैतच गेलो असतो. किंवा नसतो गेलो, कोण जाणे. त्यांच्यावर रागावू की त्यांच्यासाठी रडू ते कळेना, म्हणून दोन्ही केलं.

संध्याकाळी हिने डोळ्यांत थेंब घातले. दोन्ही डोळ्यांत पहिल्याच फटक्यात. हिची पिचकारी माझ्यापेक्षा नेमकी.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

सकाळी म्हटलं, मुलीला फोन करतो, टॅक्सीने ये म्हणून. ही उठली, डाळीच्या डब्यातून दोन गोष्टी काढून टेबलावर ठेवल्या. एक गाडीची किल्ली. दुसरं एक कार्ड, त्यावर हिचा फोटो. वाहन चालवण्याचा परवाना. पंधरवड्यापूर्वीची तारीख.

"विणकाम?" मी विचारलं.

"चार ओळी विणल्या की. बाकीचा वेळ रिव्हर्स."

"आणि पोटरी?"

"क्लच."

मला राग आला. खरं लिहितो, हसू नाही, रागच आला. तीन महिने आपल्याला फसवलं, डाळीत किल्ली पुरली, माझ्या पाठीमागे माझी जागा घेतली. तसं बोललोही. हिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ऑगस्टमध्ये तुम्ही आपल्याच फाटकाला गाडी घासलीत आणि म्हणालात फाटक सरकलंय. त्या दिवसापासून मी जीव मुठीत धरून बसते तुमच्या शेजारी. दोनदा सांगितलं डॉक्टरांचं. तुम्ही अक्षरं वाचून दाखवलीत. मग मी काय करायला हवं होतं?"

फुगा डावीकडे का बसवायला लावला तेही तेव्हा लक्षात आलं.

"गेल्या गुरुवारी बसलीस कशी मग माझ्याबरोबर?"

"तुम्ही एकटेच निघाला असता." मग हिच्याच डोळ्यांतून पाणी आलं. "ती चूक माझी. ती बाबागाडी रोज डोळ्यांसमोर येते."

माझ्याही येते. पहिल्यांदाच आम्ही दोघं एकाच गोष्टीला घाबरलो आहोत हे एकमेकांना सांगितलं.

दुपारी मी प्रथमच गाडीत डावीकडे बसलो. थोरल्या बाईंचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीचा खाली. ही दर वेळी मांडीशी हात नेऊन हवेत गिअर टाकायची. सहा वेळा गाडी बंद पडली. "आपल्याकडे खेचून वर," मी सांगत होतो, "आता पुढे ढकलून खाली." माझ्या पायांना करायला काहीच नव्हतं. सवयीने ब्रेक दाबत होतो आणि दर वेळी काचेवर पाणी उडत होतं.

रविवार, ३० नोव्हेंबर

स्टेशनवर मुलीची रेल्वे वेळेवर आली. आम्ही तासभर आधी निघून दहा मिनिटं आधी पोचलो. ही चाळिसाच्या वर गेली नाही. मागचे लोक भोंगे वाजवत होते. हिने खिडकीतून हात काढून त्यांना पुढे जायची खूण केली, जशी घरातल्या आगाऊ माणसांना करते.

मुलगी बाळाला छातीशी धरून आली. वाळली आहे. पिशव्या ठेवल्या, आणि आई उजवीकडे बसताना पाहून थबकली.

"आई? तू?" मग माझ्याकडे. "बाबा, तुम्ही का नाही चालवत?"

मला काल रात्रीपासून माहीत होतं की ती हे विचारणार. आणि माझ्या ओठावर काय आलं तर, "कंटाळा आला." हुबेहूब त्यांच्या आवाजात. ही स्टिअरिंगवर हात ठेवून समोर पाहत होती. हिने मला मदत केली नाही.

"मला डावीकडचं दिसत नाही," मी म्हणालो. "काचबिंदू आहे. आजोबांनाही होता, त्यांनी कुणाला सांगितलं नाही. तू परत गेलीस की आठवड्याच्या आत डोळे तपासून घे. आणि बाळ मोठं झालं की त्याला सांग."

मुलीने बाळ माझ्या हातात दिलं, डावीकडून. मला दिसलं नाही, पण अंगाला ऊब लागली आणि मी हात पुढे केले. चेहरा अगदी समोर आला तेव्हा नीट पाहून घेतला. नाक आमचं आहे.

परतताना एक ट्रक चिखल उडवत पुढून गेला. सगळी काच माखली. "पाणी!" ही ओरडली. मी फुगा दाबला, सर्व ताकदीने. दोन धारा उसळल्या आणि दोन्ही हिच्यासमोर पडल्या. वायपर फिरले. माझ्या बाजूला चिखल नुसता सारवला गेला.

"बाबा, तुमच्या बाजूला पाणीच आलं नाही," मागून मुलगी म्हणाली.

"भोक चुकलंय एक," मी म्हटलं. "राहू दे." मग हिला विचारलं, "दिसतंय?"

"लख्ख," ही म्हणाली.